ज्याचे त्यानं मानायचे आभार

ट्रॉलीबसचा दांडा वरच्या विजेच्या तारेवरून निसटला तेव्हा हेदी वादास खिडकीशी बसली होती. बस धक्का खाऊन थांबली, वारा थांबला, आणि ड्रायव्हर हातमोजे चढवत, रोजचंच काम असल्यासारखा खाली उतरला. मागं जाऊन दोरी ओढून तो दांडा पुन्हा तारेला लावेपर्यंत चार-पाच मिनिटं तरी जाणार होती. तेवढा वेळ नुसतं बसून काय करायचं म्हणून तिनं मांडीवरची फाइल उघडली. काल शिबिरातून निघताना, ते चालवणाऱ्या आबेलनं ती तिच्या हातात दिली होती. "थोडं सफाईदार केलंय. एकदा मोठ्यानं वाचून बघ," म्हणाला होता. तिनं बघितलं नव्हतं. आभाराचं भाषण तिचं होतं, तिला पाठ होतं, त्यात बघायचं काय? पहिल्या दोन ओळी तिच्याच होत्या. तिसरी नव्हती. 'मी अंधारात वाढले. माझ्या घरी याविषयी कुणी कधी एक शब्दही काढला नाही. या तीन आठवड्यांनी मला माझं नाव दिलं.'

तिनं ते पुन्हा वाचलं. शेजारी एक म्हातारी मांडीवर अर्धं कलिंगड घेऊन बसली होती. हेदीनं फाइल तिच्या नजरेआड वळवून धरली. आज दुपारी चार वाजता समारोपाला बाबा येणार होता. त्यासाठी त्यानं पाळी बदलून घेतली होती. काल जेवण झाल्यावर त्यानं स्वयंपाकघरातल्या टेबलावर टॉवेल पसरून स्वतःचा पांढरा सदरा इस्त्री केला होता, कॉलर दोनदा, आणि तिनं "मी करते" म्हटल्यावर "तू भाषण पाठ कर" म्हणाला होता. म्हणजे तो येणार, सदऱ्याचं वरचं बटण लावून खुर्चीवर बसणार, आणि शंभर माणसांसमोर त्याची मुलगी सांगणार की या माणसानं कधी तोंड उघडलं नाही. बस अजून हलत नव्हती. ड्रायव्हर मागं दोरीशी झटत होता, त्याची सावली काचेवर वरखाली होत होती. हेदीला वाटलं, हे वाक्य आपण कुठंतरी ऐकलंय. आबेलच्या तोंडून नाही. आणखी कुठंतरी. पण तो विचार तिनं पुढं जाऊ दिला नाही. राग जास्त सोपा होता, तिनं रागच धरून ठेवला.

तीन आठवडे ती रोज याच बसनं झुग्लो भागातल्या त्या शाळेत जात होती. शाळा उन्हाळ्यापुरती मागून घेतलेली. भिंतींवर पहिलीतल्या पोरांची कागदी फुलपाखरं तशीच, बाकं गुडघ्याला लागणारी. हंगेरीभरातली चोवीस ज्यू मुलं, सोळा-सतरा वर्षांची, रोज सकाळी जोडीजोडीनं जुन्या ज्यू ग्रंथांच्या एका पानावर डोकं घालून बसायची आणि भांडायची. भांडणं हाच अभ्यास होता. एक ओळ घ्यायची, तिला खोदायचं, जोडीदारानं 'हो' म्हटलं की त्याच्यावर चिडायचं. शाळेत दहा वर्षांत कुणी हेदीला विचारलं नव्हतं की तुला हे का पटत नाही. इथं दुसरं काही विचारतच नव्हते. पहिल्या दिवशी मात्र ओळख करून देताना पेस्टमधल्या एका चांगल्या घरच्या मुलीनं अगदी गोड आवाजात विचारलं होतं, "आईकडून की वडलांकडून?" हेदीनं "वडलांकडून" म्हटल्यावर ती "अच्छा, म्हणजे अर्धी" म्हणाली आणि पुढच्याकडं वळली. तेव्हा मागून एक लांब मानेचा, मिश्कोल्त्सहून आलेला मुलगा म्हणाला होता, "मी तर पाव आहे. एकच आजोबा. चल, आपण जोडी करू, दोघं मिळून पाऊण तरी होऊ." तो सोमा. त्यानंतर तीन आठवडे ते पाऊण होऊन भांडले होते, आणि त्या भांडणांतून उठताना हेदीला रोज वाटायचं की डोक्यात कुणीतरी खिडक्या उघडल्यात. म्हणजे आभार खोटे नव्हते. आभार होते, पोटातून होते, ही खरी अडचण होती. राग नुसता असता तर कागद फाडून टाकता आला असता.

दांडा तारेला लागला, ठिणगी उडाली, बस गुरगुरत सुटली. वारा आत आला आणि त्याबरोबर ते आलं जे तिला नको होतं. ती दहा वर्षांची होती. आई नुकतीच घर सोडून ग्राझला गेली होती, सुट्टीत तिला सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून बाबा तिला कामावर बरोबर न्यायचा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, जुन्या बिल्डिंगांमधल्या, लोखंडी जाळीच्या आणि लाकडी दाराच्या. त्या दिवशी तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधोमध लिफ्ट थांबवून तो बटणांची पाटी उघडून बसला होता, आणि ती बॅटरी धरून उभी होती. आतल्या आरशात दोघं दिसत होते. कंटाळा घालवायला तिनं शाळेत ऐकलेला एक विनोद सांगितला, ज्यूंचा, नाकाचा आणि पैशाचा, आणि सांगून झाल्यावर स्वतःच हसली. बाबा हसला नाही. रागावलाही नाही. "उजेड जरा डावीकडं धर," म्हणाला. स्क्रू पूर्ण पिळून झाल्यावर, पाटीकडंच बघत म्हणाला, "तो विनोद आपल्यावर आहे, हेदी."

"आपल्यावर म्हणजे?"

"माझ्यावर. माझ्या आईवर. म्हणून थोडा तुझ्यावर."

मग त्यानं सांगितलं. हात कामात असल्याशिवाय त्याला बोलता यायचं नाही, म्हणून लावलेला स्क्रू काढून, पुन्हा लावून, पुन्हा काढून तो सांगत राहिला. त्याची आई ज्यू वस्तीतल्या किराय रस्त्यावर जन्मलेली. तिचे वडील युद्धात मजूर म्हणून नेलेले, परत न आलेले. ती स्वतः सात वर्षांची असताना एका भिंतीशी रांगेत उभी केलेली, आणि कशी कोण जाणे, रांगेतून सुटलेली. त्यानंतर आयुष्यात ती कधी रांगेत उभी राहिली नाही. पावासाठीसुद्धा नाही. शेजारणीला पाठवायची, नाहीतर पावाशिवाय राहायची. तिला आडनाव बदललेलं आवडायचं नाही, पण ज्यू असल्याचं कळू नये म्हणून तिनं ते बदललं. तिचं नाव हेदी. "तू जन्मलीस तेव्हा ती नव्हती. म्हणून ते तुला दिलं," बाबा म्हणाला. चौथ्या मजल्यावरून कुणी बाई ओरडत होती की सामान घेऊन किती वेळ उभं राहायचं, आणि बाबानं जाळीतून वर बघून "काम चाललंय" एवढंच सांगितलं. लिफ्ट केव्हाच नीट झाली होती. चाळीस मिनिटं तो तिला अधांतरी धरून बसला होता. शेवटी बटणांची पाटी बंद करून म्हणाला, "मला एवढंच ठाऊक आहे. आणखी असतं तर आणखी सांगितलं असतं." घरी जाऊन त्यांनी पाव, कांदा आणि डुकराची चरबी खाल्ली, नेहमीसारखी. पुन्हा तो विषय निघाला नाही, कारण सांगायचं उरलंच नव्हतं.

शाळेच्या अंगणात आबेल खुर्च्या मांडत होता. तीस-बत्तीसचा, दाढीत घाम, खिशात किल्ल्यांचा जुडगा, आणि तीन आठवडे कुणी पडलं, रडलं, घरी जातो म्हणालं की हाच माणूस पुढं यायचा. त्याच्यावर चिडणं अवघड होतं, म्हणून हेदीनं आधीच आवाज चढवला. "ही तिसरी ओळ कुणाची?"

"कुठली? ती होय. तुझीच की."

"माझी नाही. मी असं लिहिणारच नाही. माझे बाबा येतायत आज."

आबेलनं हातातली खुर्ची खाली ठेवली. त्याला खरंच कळत नव्हतं. "हेदी, मी एक अक्षरही मनानं घातलेलं नाही. नाव दिलं ते वाक्य माझं, कबूल. पण पहिली दोन तुझ्या फॉर्ममधली आहेत. मार्चमधल्या. मला इतकी लागली होती ती, म्हणून तर तुला घेतलं. मिसेस हाल्मोशनासुद्धा वाचून दाखवली होती मी, फोनवर." तो ऑफिसात गेला, कपाटातून कागद घेऊन आला. तिचंच अक्षर. निळी शाई. 'आपल्या घरातील परंपरेविषयी लिहा' या प्रश्नाखाली, वळणदार, एकही खाडाखोड न केलेलं: मी अंधारात वाढले, माझ्या घरी याविषयी कुणी कधी एक शब्दही काढला नाही.

मार्चमधली ती संध्याकाळ तिला आता स्वच्छ आठवली, वाक्य सुचल्यावर अंगावर आलेला शहारासुद्धा. काय सुंदर लिहिलंय असं वाटून तिनं ते दोनदा वाचलं होतं. नव्वद अर्ज येतात आणि चोवीस घेतात, हे तिनं आधीच काढून ठेवलं होतं. आजोबांच्या मेणबत्त्या, आजीची पाककृतीची वही, असलं काही तिच्याकडं नव्हतं. होती एक लिफ्ट आणि चाळीस मिनिटं. ती तिला फार थोडी वाटली होती. तिच्यापेक्षा अंधार बरा दिसत होता.

"बघ," आबेल हळू आवाजात म्हणाला, "हाल्मोशबाई मेलबर्नहून आल्यात, या सगळ्याला पैसा त्यांचा. सत्याहत्तर वर्षांच्या आहेत. पुढच्या वर्षी हे चालवायचं की नाही, ते आज-उद्यात ठरवणार. त्यांना गोष्ट लागते ग. सगळ्यांनाच लागते. दोन वाक्यं आहेत. तुझ्या जागी पुढच्या उन्हाळ्यात कुणी बसावं, असं नाही वाटत तुला?"

"वाटतं."

"मग?"

"मग मला माहीत नाही," हेदी म्हणाली, आणि फॉर्म त्याच्या हातात परत देऊन आत गेली. तिला त्याचा राग यायला हवा होता. तो आता येईना. तो कुठं ठेवायचा तेच कळेना. पायऱ्या चढताना तिला वाटत होतं की सगळी शाळा तिच्याकडं बघतेय, ती कागदी फुलपाखरंसुद्धा.

शेवटचा तास लीव्हिया बाईंचा होता. लीव्हिया बाईंनी चाळीस वर्षं गणित शिकवलं होतं, निवृत्त झाल्यावर त्या या पानांकडं वळल्या, आणि पानंसुद्धा गणितासारखीच शिकवायच्या, फळ्यावर खडू आपटत. आज त्यांनी एकच गोष्ट पुढं ठेवली. उभ्यानं म्हणायच्या प्रार्थनेत पुढं उभा असलेला माणूस सगळ्यांच्या वतीनं सगळं म्हणतो. स्तुती तो करतो, मागणं तो मागतो. बाकीचे नुसतं 'आमेन' म्हणतात आणि ते धरलं जातं. पण आभाराची जागा आली की सगळी सभा वाकते आणि प्रत्येकजण आपलं आपण पुटपुटतो. का? बाई टेबलावर बसून वाट बघू लागल्या.

सोमानं नेहमीसारखा हात वर न करता सुरुवात केली. "सोपं आहे. आईनं दुकानात माझ्यासाठी बूट मागितले तरी बूट मलाच होतात. मागणं कुणीही मागावं. पण माझ्या वतीनं आईनं आभार मानले तर ते आभार आईचे झाले. मी तसाच कोरडा."

"वा," बाई म्हणाल्या. "कुणाला पटत नाही?"

एरवी हेदीनं झडप घातली असती. आज तिच्या कानात नुसती गुणगुण होती. सगळ्यांच्या वतीनं आभार मानायला तिला निवडलं होतं, आणि निवडलं म्हणून आठवडाभर ती मनातून फुगून फिरत होती. आता वाटलं, ज्या गोष्टीला दुसरा माणूस लावता येत नाही तिच्यासाठी आपल्याला लावलंय. तास संपल्यावर ती मागं रेंगाळली. फळा पुसणाऱ्या बाईंच्या पाठीला उद्देशून तिनं सगळं सांगून टाकलं, फॉर्म, तिसरी ओळ, बाबा, आणि शेवटी विचारलं, "मी काय करू?"

"मला विचारू नकोस. मी गणिताची बाई." त्यांनी फडकं झटकलं, खडूची धूळ दोघींवर उडाली. "एवढं सांगते. उत्तर चुकलं की मुलं शेवटची ओळ खोडतात. चूक तिथं नसतेच. ती चार पायऱ्या वर असते. तिथवर चढत जायचा कंटाळा येतो सगळ्यांना. मलाही यायचा."

"पण आबेलचं नुकसान होईल."

"होईल कदाचित. तेही मांड. मांडायचं म्हणजे सगळं मांडायचं."

जेवायला चेरीचं आंबट गार सार होतं, आणि स्वयंपाकघरातल्या रोझी मावशींनी तिला न विचारता दुसऱ्यांदा वाढलं, कारण तिला ते आवडतं हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात हेरलं होतं. हेदीनं ते सगळं संपवलं. समोर सोमा पाव कुरतडत होता. तिनं त्याला सगळं सांगितल्यावर त्यानं पाव खाली ठेवला. "मी फॉर्ममध्ये लिहिलं होतं की आजोबा रोज प्रार्थना करायचे," तो म्हणाला. "ते रोज बुद्धिबळ खेळायचे."

"मग तूही सांगशील?"

"वेडी आहेस का?" तो म्हणाला. मग पाव पुन्हा उचलत, "पण तू सांग. मी समोर बसतो. तुला बघायला कुणीतरी लागेल."

चार वाजता हॉल भरला. खिडक्या उघड्या होत्या तरी उकाडा हलत नव्हता. बाबा पाचव्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसला होता; कामावरून थेट आला होता, सदरा तिथंच बदलला असणार, कारण मनगटाच्या वर ग्रीसचा एक पट्टा राहून गेला होता आणि बाही त्याच्यावर ओढायचा तो प्रयत्न करत होता. पहिल्या रांगेत मिसेस हाल्मोश, बारीक, ताठ, निळ्या पोशाखात, हात काठीवर. छप्पन साली एकोणीस वर्षांच्या असताना त्या हे शहर सोडून गेल्या आणि त्यांची हंगेरियन भाषा तिथंच थांबली होती, त्यामुळं त्या बोलल्या की जुनं वर्तमानपत्र वाचल्यासारखं वाटायचं. आबेलनं हेदीचं नाव घेतलं. चालत जाताना तिला स्वतःचे बूट ऐकू येत होते. माईकसमोर उभी राहून तिनं पहिल्या दोन ओळी वाचल्या, स्वागताच्या, आणि तिसरीशी आली. ती वाचून टाकावी, एका श्वासात, असं तिला त्या क्षणी अगदी खरोखर वाटलं. वाचली असती तर दहा मिनिटांत सगळं संपलं असतं, सरबत, फोटो, टाळ्या. बाबानं कधी काही विचारलंही नसतं. तो विचारणाऱ्यातला नव्हता. तो विचारणार नाही, यावरच तर मार्चमध्ये तिनं सगळं बेतलं होतं. हे कळलं तेव्हा भीतीची जागा एका हट्टानं घेतली, लहानपणी जेवणाच्या ताटावर बसून राहायची तसल्या.

"तिसरी ओळ अशी आहे," ती म्हणाली, आणि तिनं ती वाचली, सगळी, सावकाश. मग कागद खाली ठेवला. "हे मी लिहिलंय. मार्चमध्ये, फॉर्मवर. ते खोटं आहे. मला इथं जागा हवी होती, आणि मला वाटलं की अंधारातल्या मुलीला लवकर घेतील. घेतलं."

कुणीतरी खुर्ची सरकवली. आबेल दाराशी उभा होता, त्याच्याकडं तिनं बघितलं नाही. सोमा समोर होता, लांब मान आणखी लांब करून. ती त्याच्या कपाळाकडं बघून बोलत राहिली. "माझ्या वडलांनी मला दहाव्या वर्षी सगळं सांगितलं. एका लिफ्टमध्ये, काम करता करता. चाळीस मिनिटं लागली. त्यांच्याकडं तेवढंच होतं, त्यातलं त्यांनी मागं काही ठेवलं नाही. मला ते कमी वाटलं. तुम्हाला दाखवायला कमी वाटलं, म्हणून मी ते झाकलं. यात आबेलची काही चूक नाही. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला, एवढंच." तिचा आवाज फाटला, तिनं खाकरून तो परत आणला. "मला सगळ्यांच्या वतीनं आभार मानायला सांगितलंय. ते मी मानणार नाही. ज्याचे त्यानं मानावेत. मी माझे मानते. सोमाचे, कारण त्यानं एकदाही माझं म्हणणं सहज मान्य केलं नाही. लीव्हिया बाईंचे. रोझी मावशींचे, साराबद्दल. आबेलचे, आणि त्याची माफी. आणि मिसेस हाल्मोश, तुमचे. या खोल्यांबद्दल, पुस्तकांबद्दल, मी इथं तीन आठवडे भांडू शकले त्याबद्दल. नावाबद्दल नाही. नाव मला होतं."

ती खाली उतरली. टाळ्या वाजल्या नाहीत. एवढी माणसं एकदम गप्प बसली की खोलीत काय काय आवाज असतात ते तिला पहिल्यांदा कळलं: पंख्याची पात, कुणाच्या तरी पोटातली गुरगुर, अंगणातला नळ. मग आबेलनं घसा साफ करून बाहेर सरबत आणि खाऱ्या बिस्किटांची सोय आहे असं जाहीर केलं, आणि लोक सुटल्यासारखे उठले. तिच्या बाजूनं जाताना त्या चांगल्या घरच्या मुलीनं नजर खाली घातली. हेदीला वाटलं होतं हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. पण ती मान वर ठेवून उभी राहिली, कारण आता कुणी काही बोलणारच असेल तर ते तोंडावर बोलावं, अशी तिची तयारी होती.

मिसेस हाल्मोश काठी टेकत तिच्यापुढं येऊन थांबल्या. "तुझं नाव कुणी ठेवलं?"

"बाबांनी. त्यांच्या आईचं आहे."

"ती कुठली?"

"किराय रस्त्यावरची."

"हं." बाईंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मला लोक आभार फ्रेम करून पाठवतात. माझ्याकडं भिंत उरलेली नाही. तू वाईट बोलली नाहीस. शेवटी आवाज खाली जातो तुझा, तेवढा सांभाळ." आणि वळून, "त्या दाढीवाल्याशी मला उद्या सकाळी बोलायचंय," असं म्हणून त्या निघून गेल्या. त्यांच्या आवाजावरून काहीही कळत नव्हतं. आबेल लांबून बघत होता. हेदीनं त्याच्याकडं हात केला. त्यानं जरा वेळानं, खांदे पाडून, परत केला. पुढच्या वर्षी इथं कुणी बसेल की नाही, ते तिला ठाऊक नव्हतं, आणि हे ओझं कुणाच्या डोक्यावर टाकता येणार नाही, हे ठाऊक होतं.

बाप-लेक पायीच निघाले. तिबोर वादासच्या खांद्याला अवजारांची पिशवी होती आणि ती चालताना खुळखुळत होती. रस्त्याकडेच्या झाडांखाली चिकट ठिपके पडले होते, बूट फुटपाथला चिकटत होते. हेदी वाट बघत होती. तो रागावला असेल तर रागावू दे, तिनं स्वतःला बजावलं. आपण मागं घेणार नाही, एक शब्दही नाही.

"तो आबेल," बाबा म्हणाला, "चांगला पोरगा आहे. मला दोनदा सरबत दिलं."

"हो."

"आणि लिफ्टचं कशाला सांगितलंस? कंपनीतलं कुणी असतं म्हणजे? चाळीस मिनिटं चालू लिफ्ट बंद ठेवली मी."

ती थांबली. त्याच्या तोंडाकडं बघितल्यावर तिला कळलं की तो चेष्टा करतोय, आणि चेष्टा नीट जमत नाहीये. "बाबा, तू काहीतरी बोल. मी फॉर्मवर तसं लिहिलं होतं. तुला नवीनच असणार ते. शंभर लोकांत ऐकावं लागलं तुला."

"नवीन नव्हतं," तो म्हणाला. "पालकाची सही लागते त्याच्यावर. मीच केली होती."

"वाचून?"

"मी न वाचता कशावर सही करत नाही."

मार्चमधली ती संध्याकाळ तिच्यासमोर पुन्हा उभी राहिली, पण आता तिच्यात बाबा होता. टेबलाच्या पलीकडं बसलेला, चष्मा कपाळावरून खाली ओढून, बोट एकेका ओळीखालून नेत. तिला वाटलं होतं तो सहीचा रकाना शोधतोय. त्यानं पेन मागितलं होतं. तिनं दिलं होतं, आणि शाई वाळायच्या आत कागद ओढून घेतला होता.

"आणि तरी सही केलीस," ती म्हणाली. तिच्या आवाजात आता उघड राग होता. "म्हणायचं होतंस ना. हे खोटं आहे म्हणायचं. फाडायचा होता."

"तुला जागा मिळायला हवी होती."

"तुला काही वाटलं नाही?"

"वाटलं की."

"मग?"

"मग सही केली," बाबा म्हणाला, आणि खांद्यावरची पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

रडायचं नाही, असं हेदीनं ठरवलं. आज एवढ्या लोकांचे आभार तिनं मोजून, नाव घेऊन मानले होते, आणि हा एक माणूस त्या यादीतून राहून गेला होता. आणि आता त्याच्यासाठी शब्द काढावा तर जो निघाला असता तो इतका लहान होता की तिला त्याची चीड आली.

"मी तुझे आभार मानणार नाही," ती म्हणाली.

"नको मानूस."

"आधीच सांगून ठेवते. अजिबात नाही."

"बरं."

तो चालू लागला. ती दोन पावलं मागं राहिली, मग तिनं त्याला गाठलं, आणि मुद्दाम त्याच्यापुढं एक पाऊल ठेवून, खांदे ताठ करून चालत राहिली, म्हणजे तिचं तोंड त्याला दिसू नये.